चिऱ्यावरची पिवळी पूड

२०११ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जपानात फुकुशिमाची दुर्घटना घडली होती. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला माडबनच्या सड्यावर जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प होणार म्हणून आंदोलन पेटले होते, आणि एरवी युरेनियम हा शब्द शालेय रसायनशास्त्राच्या पुस्तकापलीकडे न भेटलेली माणसे एस.टी.च्या थांब्यावर त्याची चर्चा करीत होती. मी सुट्टीत माहेरी, आंजर्ल्याला गेले होते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मराठी घेतलेला, गावातलाच एक विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. त्याने पंचात गुंडाळून आणलेला जांभ्याचा एक तुकडा ओटीवर ठेवला. तुकड्याच्या भोकाभोकांतून हळदीसारखी पिवळी पूड बसलेली होती. “मॅडम, हे युरेनियम असेल का?” त्याच्या वडिलांच्या जमिनीत चिरेखाण होती. कोणीतरी त्याला सांगितले होते की युरेनियम पिवळे असते, आणि ते दगड कुजला की बाहेर येते.

मी मराठीची प्राध्यापिका. दगडाच्या बाबतीत माझा अधिकार शून्य. तरी तो प्रश्न मला झटकून टाकता आला नाही, ह्याचे एक कारण असे की त्या मुलाच्या चेहऱ्यावर कुतूहल कमी आणि भीती जास्त होती. युरेनियम निघाले तर जमीन जाणार, हे त्याने गृहीत धरले होते. दुसरे कारण असे की त्याला जे कोणी सांगितले होते ते अर्धे खरे होते. खरोखरच, युरेनियमची पिवळी आणि पोपटी खनिजे खडक कुजल्यावरच तयार होतात. मग आंजर्ल्याच्या पिवळ्या पुडीत ते का नसावे? ह्या एका प्रश्नाच्या मागे जाताना जे वाचले, भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याकडून जे ऐकले, त्याची ही हकिकत आहे. दगडाचा इतिहास हाही इतिहासच असतो, आणि त्यातला बराचसा भाग नावांचा, म्हणजे आपल्याच विषयातला, असतो, असे मला ह्या निमित्ताने आढळले.

आधी आंजर्ल्याचे सांगते. जोग नदीच्या खाडीच्या तोंडाशी हे गाव आहे. वाडी समुद्राच्या पातळीला, नारळी-पोफळीत बुडालेली, आणि वर डोंगराच्या कड्यावर गणपतीचे देऊळ, ज्याचा जीर्णोद्धार १७६८ ते १७८० ह्या काळात झाला. मूळ देऊळ समुद्रकाठी होते, समुद्र आत आला तसा देव वर डोंगरावर गेला आणि जाताना त्याचे पाऊल दगडावर उमटले, अशी आख्यायिका आमच्याकडे सांगतात. लहानपणी ते पाऊल पाहताना मला देवापेक्षा दगडाचेच नवल वाटे. ज्याच्यावर पाऊल उमटावे इतका तो मऊ केव्हा होता?

पायऱ्या चढून वर गेले की दगड बदलतो, हे चालणाऱ्याच्या तळपायाला कळते. खाली किनाऱ्याशी काळवत्री, म्हणजे दख्खनचा काळा बेसाल्ट, लाटांनी गुळगुळीत केलेला. वर सड्यावर जांभा, तांबूस, खरबरीत, भोकाभोकांचा, उन्हात तापलेल्या तव्यासारखा. हे दोन दगड शेजारी आहेत एवढेच आपण समजतो, पण त्यांचे नाते शेजाराचे नाही. जांभा हा काळवत्रीचाच उत्तरावतार आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांतून जो काळा दगड झाला, त्याच्यावर कोट्यवधी वर्षे पाऊस पडला आणि ऊन तापले, आणि त्यातून वरचा थर जांभा झाला.

ह्या क्रियेला मराठीत किमान तीन शब्द आहेत. शाळेच्या भूगोलात ‘विदारण’, कोठे ‘अपक्षय’, तर विश्वकोशाच्या परंपरेत ‘वातावरणक्रिया’. तिन्ही शब्द बनवलेले आहेत आणि तिन्हींत थोडेथोडे खोट आहे. विदारणात फाडणे आहे, अपक्षयात नुसतेच घटणे आहे. चिरेखाणीवरचा माणूस ‘दगड कुजला’ म्हणतो, आणि माझ्या मते तोच शब्द वस्तुस्थितीच्या सर्वांत जवळ जातो. कारण कुजण्यात नुसता नाश नसतो. जे कुजते त्यातून काही निघून जाते, काही मागे राहते आणि मागे राहिलेल्यांची नवी जुळणी होते.

ती जुळणी कशी होते हे थोडक्यात पाहू. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते. ते दगडाच्या फटींतून उतरते आणि त्यातल्या खनिजांचे बंध सोडवते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम ही मंडळी पाण्यात सहज विरघळतात व आधी निघून जातात. वाळूचे मूळ द्रव्य जे सिलिका, तेही उष्ण व पावसाळी प्रदेशात हळूहळू पाझरून जाते. लोह आणि ॲल्युमिनियम मात्र जागचे हलत नाहीत. लोहाला प्राणवायू मिळाला की त्याचा गंज होतो. त्या गंजाचे तांबडे रूप हेमटाइट आणि पिवळे-तपकिरी रूप गोएथाइट. ॲल्युमिनियमची आधी केओलिनाइटसारखी पांढरट माती होते आणि पाऊस पुरेसा असेल तर गिब्साइट, म्हणजे बॉक्साइटमधले मुख्य खनिज. मंडणगड-दापोलीच्या भागात बॉक्साइटच्या खाणी निघाल्या त्या ह्याच कारणाने. टायटॅनियमही चिवट. ते इल्मेनाइटच्या काळ्या कणांत बसून राहते, शेवटी ओढ्यांबरोबर किनाऱ्याला येते, आणि रत्नागिरीच्या पुळणींवर लाट ओसरल्यावर जी काळी नक्षी उमटते ती पुष्कळदा त्याचीच असते.

भूगर्भशास्त्रात लाव्हातून थेट जन्मलेल्या खनिजांना प्राथमिक म्हणतात आणि अशा कुजण्यातून झालेल्यांना द्वितीयक. जांभा म्हणजे द्वितीयक खनिजांचा दगड. ‘द्वितीयक’ ह्या शब्दाने आपण मराठीच्या माणसांनी फसू नये. आपल्याकडे संहिता-चिकित्सेत मूळ आणि प्रक्षिप्त अशी वाटणी करण्याची सवय आहे आणि प्रक्षिप्त म्हटले की ते काढून टाकायचे. पण ज्ञानेश्वरीचेच पाहा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची प्रत शुद्ध केली आणि पुढची तीन शतके मराठी माणसाने वाचली ती मुख्यतः ह्या शुद्ध केलेल्या प्रतीच्या परंपरेतली. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक जुनी प्रत छापली तेव्हा केवढा वाद झाला! भाषेचा अभ्यासक मूळ शोधणारच. पण मधल्या शतकांत वाङ्मय म्हणून जे जगले तेही खोटे नव्हते. कोकणात घर बांधणारा माणूस काळवत्रीच्या मूळपणाला नमस्कार करतो आणि भिंतीला जांभा लावतो.

ह्या जांभ्याचे शास्त्रीय नाव लॅटेराइट, आणि त्या नावाची जन्मकथा वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, आणि नव्याने हाती आलेल्या मुलखाची पाहणी करण्यासाठी वेलस्लीने फ्रान्सिस बुकॅनन ह्या स्कॉटिश डॉक्टरला पाठवले. १८०० च्या अखेरीस बुकॅनन मलबारात अंगाडिपुरम येथे पोचला. तेथे त्याला असा दगड दिसला की जो खाणीत असताना लोखंडी अवजाराने भाकरीसारखा कापता येतो आणि हवेवर ठेवला की इतका कठीण होतो की विटेपेक्षाही पावसाला अधिक टिकतो. लोक त्याला विटेचा दगड म्हणत. बुकॅननने त्यांचेच नाव लॅटिनमध्ये नेले. लॅटिनमध्ये वीट म्हणजे लॅटर, म्हणून दगड झाला लॅटेराइट. त्याचे प्रवासवर्णन १८०७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून ब्राझीलपासून ऑस्ट्रेलियापर्यंत जेथे जेथे असा दगड आहे तेथे तेथे त्याला हेच नाव आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९७९ मध्ये अंगाडिपुरमला ह्या नामकरणाचे स्मारकही उभारले.

मलबारातला तो विटेचा शब्द संस्कृत इष्टकेच्या कुळातला, आणि आपली वीटही त्याच इष्टकेची लेक. म्हणजे ज्या शब्दावर पंढरपुरात देव उभा आहे त्याच शब्दाचे भाषांतर होऊन जगभरच्या भूगर्भशास्त्रात गेले आहे. हे आम्हांला कोणत्याही वर्गात सांगितले गेले नाही, ना भूगर्भशास्त्राच्या, ना भाषाशास्त्राच्या. मलबारी माणसाने नाव दिले ते दगडाच्या उपयोगावरून. मराठी माणसाच्या ‘जांभा’ ह्या शब्दाचे जांभळ्या रंगाशी नाते सहज दिसते, म्हणजे आपण नजरेवर विश्वास ठेवला. बुकॅननने मलबारी माणसाचे निरीक्षण उचलले आणि ते आपल्या प्रतिष्ठित भाषेत नेऊन ठेवले. ह्याला चोरी म्हणावे असे मला वाटत नाही. लोक काय म्हणतात ते त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. फक्त पुढच्या पाठ्यपुस्तकांनी बुकॅनन ठेवला आणि ते लोक गाळले.

एकोणिसाव्या शतकात हा दगड नेमका कशाने होतो ह्यावर बराच वाद झाला. कोणी तो ज्वालामुखीतून तसाच निघाला म्हणे, कोणी पाण्याने वाहून आणलेला गाळ म्हणे. १८४० च्या दशकात न्यूबोल्ड ह्या लष्करी अधिकाऱ्याने बिदरच्या जांभ्याचे वर्णन केले. त्या बिदरच्या किल्ल्याचा खंदक जांभ्यातच खोदून काढलेला आहे, आणि मराठवाड्यातून जाणाऱ्या आमच्या सहलींनी तो पाहिला असूनही दगडाकडे पाहिलेले नसते. वरून खाली कापलेली जांभ्याची उभी भिंत नीट पाहिली तर वाद मिटायला वेळ लागू नये. अगदी वर कठीण कवच, त्याखाली भोकाभोकांचा चिऱ्याचा थर, त्याखाली पांढरी-जांभळी ठिपक्यांची माती, त्याखाली कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे आणि सर्वांत खाली शाबूत काळवत्री. एकाच दगडाच्या आयुष्यातल्या अवस्था एकाखाली एक मांडून ठेवलेल्या. उन्हाळ्यात सडा कोरडा ठणठणीत आणि डोंगराच्या पायथ्याला झरा जिवंत, हे कोकणात सर्वत्र दिसते त्याचेही कारण ह्याच भिंतीत आहे. वरचा सच्छिद्र जांभा पाणी पितो, खालची माती ते अडवते, आणि पाणी आडवे चालत कोठेतरी कुशीतून बाहेर पडते.

आता पिवळ्या पुडीकडे वळू. युरेनियमची कथा समजायला काळवत्री सोडून ग्रॅनाइटकडे जावे लागते. ग्रॅनाइट हा लाव्हासारखा भूपृष्ठावर न येता पोटातच सावकाश गोठलेला दगड. गोठताना ज्या द्रव्यांना इतर खनिजांच्या चौकटीत जागा मिळत नाही ती शेवटच्या रसात साठत जातात. युरेनियमचा अणू मोठा आणि अवजड. तो बेसाल्टच्या खनिजांत मावत नाही आणि शेवटी ग्रॅनाइटच्या वाट्याला येतो. म्हणून सर्वसाधारण ग्रॅनाइटमध्ये दहा लाख भागांत तीन ते पाच भाग युरेनियम असते, तर आपल्या काळवत्रीसारख्या बेसाल्टमध्ये बहुधा एक भागही नसते. ग्रॅनाइटमध्येही ते सगळे सारखे बसलेले नसते. काही झिर्कॉन, मोनाझाइट ह्यांसारख्या चिवट कणांत कुलूपबंद असते आणि काही कणांच्या सांध्यांत, फटींत, सैल. कुजण्याच्या दृष्टीने महत्त्व ह्या सैल युरेनियमचे.

खोलवर, जेथे प्राणवायू नाही, तेथे युरेनियम जवळजवळ अविद्राव्य असते. पाणी वर्षानुवर्षे शेजारून वाहिले तरी ते हलत नाही. पण पावसाचे पाणी प्राणवायू घेऊन तेथवर उतरले की युरेनियमचे रूप पालटते. त्याचे दोन प्राणवायूच्या अणूंशी सरळ रेषेत जुळलेले नवे रूप होते, त्याला युरेनिल म्हणतात, आणि हे रूप पाण्यात विरघळते. पाण्यात कार्बोनेट असेल तर त्याच्याशी जोडी जमवून दूरवर प्रवास करते. लोखंडाच्या नेमके उलट. लोहाला प्राणवायू मिळाला की ते जागच्या जागी गंजून बसते, युरेनियमला प्राणवायू मिळाला की ते घर सोडते. एकाच पावसाने एकाला बांधले आणि एकाला मोकळे केले.

आणि मग वाटेत कोणीतरी भेटते. ग्रॅनाइटमध्ये ॲपाटाइट नावाचे फॉस्फेटचे खनिज थोडेफार असतेच. ते कुजून फॉस्फेट सुटते, फेल्डस्पार कुजून कॅल्शियम सुटते. किंचित आंबट पाण्यात युरेनिल, फॉस्फेट आणि कॅल्शियम ह्यांची गाठ पडली की फटींच्या भिंतींवर लिंबाच्या रंगाचे, अभ्रकासारखे चौकोनी पापुद्रे जमू लागतात. त्याचे नाव ऑट्युनाइट, फ्रान्समधल्या ओतँ गावावरून पडलेले. कॅल्शियमच्या जागी तांबे असेल तर पापुद्रे पाचूसारखे हिरवे होतात, ते टॉर्बर्नाइट, टॉर्बर्न बर्गमन ह्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाच्या नावाचे. सिलिका भेटली तर युरेनोफेन, व्हॅनेडियम भेटले तर कार्नोटाइट. काही न भेटता पाणी नुसते लोहाच्या गंजावरून गेले तरी तो गंज युरेनिलला आपल्या पृष्ठावर धरून ठेवतो. म्हणूनच ग्रॅनाइटवर तयार झालेल्या जांभ्यात युरेनियम अडकून राहू शकते. आणि कुजलेली झाडेझुडपे असलेल्या दलदलीत पाणी शिरले, तेथला प्राणवायू संपलेला असला, तर युरेनियम पुन्हा आपले जुने अविद्राव्य रूप घेऊन बसते.

ऑट्युनाइट नाजूक असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी असते, ते उन्हात सुकले की खनिज ठिसूळ होऊन त्याचा भुगा होतो. अतिनील दिव्याखाली मात्र ते अंधारात काजव्यासारखे पोपटी चमकते. टॉर्बर्नाइट, तांब्यामुळे, तसे चमकत नाही.

नावांचा धागा इथेही आहे. १७८९ मध्ये क्लाप्रोट ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला पिचब्लेंड ह्या काळ्या खनिजात नवे मूलद्रव्य असल्याचे कळले, तेव्हा त्याने आठच वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहाचे नाव त्याला दिले. पाताळातल्या द्रव्याला आकाशातले नाव! पण मला ह्या सगळ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटली ती मारी क्यूरींची एक चाचणी. बेकरेलने १८९६ मध्ये युरेनियमच्या क्षारांतून अदृश्य किरण निघतात हे दाखवले होते. क्यूरींनी निरनिराळ्या खनिजांचा तो गुण मोजायला घेतला. अपेक्षा अशी की ज्यात युरेनियम जास्त त्याचे किरण जास्त. पिचब्लेंडने ही अपेक्षा मोडली, आणि तिच्याबरोबर मोडली ती चाल्कोलाइटने, म्हणजे आज आपण ज्याला टॉर्बर्नाइट म्हणतो त्या हिरव्या, कुजण्यातून जन्मलेल्या खनिजाने. त्यात युरेनियम निम्म्याच्या आसपास, पण किरण शुद्ध युरेनियमच्या दुपटीहून अधिक.

इथे क्यूरींनी जे केले ते संहिता-संपादकाने करावे तसे होते. त्यांनी प्रयोगशाळेत स्वच्छ रसायनांपासून कृत्रिम चाल्कोलाइट तयार केले. घटक तेच, प्रमाण तेच. त्याचे किरण मोजले तर ते युरेनियमच्या हिशोबाइतकेच, अधिक काही नाही. म्हणजे निसर्गाच्या प्रतीत असा एक मजकूर होता जो सूत्रात लिहिलेला नव्हता. एप्रिल १८९८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, त्याच वर्षी पोलोनियम आणि रेडियम जाहीर झाले. आमच्या आंजर्ल्याच्या शेजारच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्या वेळी केंब्रिजमध्ये गणिताचा अभ्यास करीत होते. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, ते सीनियर रँग्लर झाले. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण गावच्या माणसाला सनावळीत आपला माणूस शोधण्याची खोड असते, ती मलाही आहे.

नैसर्गिक चाल्कोलाइटमध्ये तो अधिकचा मजकूर कोठून आला? युरेनियमचा अणू फुटत फुटत थोरियम, रेडियम, पोलोनियम अशी वंशावळ चालवतो. पाणी युरेनियमला घेऊन निघते तेव्हा थोरियम मागेच राहते, कारण ते विरघळत नाही. नवे द्वितीयक खनिज जन्मते तेव्हा त्यात युरेनियम असते पण पुढची पिढी नसते. ती पुन्हा वाढावी लागते, आणि ह्या वंशातल्या एका थोरियमचे अर्धायुष्य सुमारे पंचाहत्तर हजार वर्षे असल्यामुळे पूर्ण कुटुंब जमायला काही लाख वर्षे जातात. क्यूरींच्या हातातले चाल्कोलाइट पुरेसे जुने होते. कृत्रिम चाल्कोलाइट काही दिवसांचे होते. ह्याची दुसरी बाजू खनिजशोधकांना त्रास देते. ज्या जागेतून युरेनियम वाहून गेले तेथे मागे राहिलेली अपत्ये यंत्राला खूप किरण दाखवतात आणि खणले तर हाती काही लागत नाही. उलट जेथे युरेनियम नुकतेच येऊन बसले तेथे यंत्र असावे त्यापेक्षा कमी दाखवते.

आपल्या देशात हा शोध स्वातंत्र्यानंतर लगेच सुरू झाला. १९४९ मध्ये दाराशा वाडिया ह्या ज्येष्ठ भूगर्भशास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली दुर्मिळ खनिजांच्या पाहणीचा एक छोटा विभाग निघाला, तोच पुढे अणुखनिज संचालनालय झाला. १९५१ मध्ये सिंहभूममध्ये जादुगुडाचा साठा सापडला. महाराष्ट्राच्या सीमेजवळचे उदाहरण म्हणजे यादगीर जिल्ह्यातले गोगी. तेथे भीमेच्या खोऱ्यातला चुनखडक आणि त्याखालचा ग्रॅनाइट ह्यांना छेदणाऱ्या भेगेच्या आधाराने युरेनियम साठले आहे. खुद्द महाराष्ट्रात ग्रॅनाइट पाहायचा तर नांदेडच्या देगलूरकडे, नाहीतर पूर्व विदर्भात जावे लागते. कोकणात सिंधुदुर्गात, मालवणच्या आसपासपासून दख्खनचा काळवत्री संपत येतो आणि त्याखालचे फार जुने ग्रॅनाइट-नाइस व क्वार्टझाइट उघडे पडतात. आंजर्ले ह्या सीमेपासून फार उत्तरेला आहे. आमच्या पायाखाली काळवत्रीखेरीज काही नाही.

हाच फरक किनाऱ्यावरच्या वाळूतही दिसतो. केरळच्या दक्षिण किनाऱ्याची वाळू मोनाझाइटने भरलेली आहे. १९०९ मध्ये शोमबर्ग ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत ते ओळखले आणि त्या किनाऱ्याचे भाग्य, की दुर्भाग्य, पालटले. त्या वाळूतले थोरियम केरळच्या डोंगरांतल्या जुन्या नाइसमधून येते. आमच्या काळ्या वाळूत टायटॅनियम आहे, पण थोरियमवाले मोनाझाइट नाही म्हटले तरी चालेल, कारण ज्या दगडातून ती आली त्यातच ते नव्हते.

तर त्या मुलाला मी काय सांगितले? सुट्टी संपल्यावर तो तुकडा मी सहकाऱ्याकडे नेला. त्याने अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरला. पूड काळीच राहिली. मग खडबडीत पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर दगड घासला. पिवळट तपकिरी रेघ उठली. “गोएथाइट. लोखंडाचा पिवळा गंज,” तो म्हणाला. “गेरूचा चुलतभाऊ.” दिवा न चमकणे हा काही पूर्ण पुरावा नव्हे, असेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. खरा पुरावा दगडाच्या कुळात होता. ज्या काळवत्रीत युरेनियम जवळजवळ नाही, ती कितीही कुजली तरी तिच्यातून युरेनियमचे खनिज कसे निघणार?

मी हे सगळे त्या मुलाला दोन दिवस खपून समजावले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, “मग बॉक्साइट असेल का?” ह्या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ तितके ठाम उत्तर नव्हते. त्याची भीती युरेनियमची नव्हतीच, जमिनीखालून काहीही निघण्याची होती. दगडाला नवे नाव मिळाले की जमिनीला नवा मालक येतो हे त्याने आसपास पाहिलेले होते. जांभा हे नाव असेपर्यंत ती बापाची जमीन. गंमत अशी की चिरा म्हणून तोच दगड रोज कापून ट्रकांतून जात होता, त्याचे त्याला काही वाटत नव्हते. मलाही तोवर वाटले नव्हते. आमचे घर त्याच चिऱ्याचे. आजोबांनी चिरे आणून पावसाळाभर उघड्यावर रचून ठेवले आणि मग भिंत घातली, असे आई सांगते. खाणीतला ओला चिरा कोवळा असतो, तो उघड्यावर सुकला, त्यातल्या लोहाच्या गंजाने पाणी सोडून घट्ट वीण धरली, की पुढे पिढ्यान् पिढ्या हलत नाही. मलबारातल्या त्या माणसांनी बुकॅननला सांगितले तेच.

मात्र हाताच्या अवजारांनी वर्षाला काही घरांपुरते चिरे निघत तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता यंत्राच्या करवती सड्याची सालेच्या साले काढतात. सड्याचे वरचे कठीण कवच गेले की झऱ्यांचे पाणी जाते. आणखीही काही जाते. रत्नागिरी-राजापूरच्या बाजूला ह्याच कवचावर माणसाने हजारो वर्षांपूर्वी हत्ती, मासे, माणसे कोरून ठेवली. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू ह्या ठिकाणची ती कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. लिपीच्या आधीचा हा आपला मजकूर इतका काळ टिकला तो ते कवच कुजण्याच्या अगदी शेवटच्या अवस्थेतले आहे म्हणून. ज्यातून जायचे ते सगळे जाऊन चुकले आहे. पावसाने न्यावे असे त्यात आता फारसे उरलेले नाही.

तो विद्यार्थी पुढे मराठीतच एम.ए. झाला. खाण मधे काही वर्षे बंद होती, आता पुन्हा चालू आहे. तुकडा माझ्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवते. पिवळी पूड पुष्कळशी झडून गेली, पण भोकांच्या तळाशी अजून थोडी आहे, आणि उत्तरपत्रिका उचलल्या की त्यांच्या मागच्या बाजूला तिचा डाग लागलेला असतो.